हिमालयाकडील गरुड आणि आपल्या गोठ्यातील औषध

रिठद येथे पक्ष्यांचा पाठ चालू असता मुलांस गिधाडाचे चित्र दाखविले, तेव्हा बहुतेकांनी ‘घार’ असे उत्तर दिले. मुलांचा त्यात दोष नाही. त्यांनी गिधाड पाहिलेलेच नाही. आम्ही मात्र ह्याच वऱ्हाडात, लहानपणी, मेलेल्या बैलाभोवती गिधाडांची दाटी पाहिलेली आहे.

म्हणून हा पाठ शिकविताना शिक्षकबंधुभगिनींनी प्रथम भेद स्पष्ट करावा. घारीचे शेपूट टोकाशी दुभंगलेले असते. गरुडाचे तसे नसते. सोनेरी गरुडासारख्या गरुडांचे पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले असतात. हा सोनेरी गरुड हिमालयात राहतो. तेथीलच दाढीवाले गिधाड मोठी हाडे उंचावरून खडकावर टाकून फोडते आणि ती खाते. (मुलांना ही हकीकत फार आवडते, असा अनुभव आहे.)

ह्यांखेरीज आणखी एक पाहुणा आहे. रशिया, कझाकस्तान व मंगोलिया येथील स्टेप नावाच्या गवताळ मैदानांत वाढणारा गरुड हिवाळ्यात दक्षिणेकडे येतो. त्यांतील पुष्कळ पक्षी हिमालयाच्या कडेकडेने प्रवास करतात व काही भारतात मुक्काम करतात. गरुड म्हटला की तो स्वतः शिकार करूनच खाणार, अशी आपली समजूत; परंतु हा पक्षी मेलेली गुरेही खातो आणि तेथेच घात होतो. बिकानेर येथे मृत जनावरे टाकण्याच्या जागी मरून पडलेल्या अशा दोन गरुडांच्या शरीरांत डायक्लोफिनॅक सापडल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले.

डायक्लोफिनॅक हे गुरांच्या सुजेवर व वेदनेवर दिले जाणारे औषध. औषध टोचल्यावर लवकरच जनावर मेले, तर औषधाचा अंश मांसात राहतो. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, रक्तातील युरिक आम्ल बाहेर पडत नाही आणि त्याचे पांढरे थर काळीज, यकृत इत्यादी इंद्रियांवर बसतात. पक्षी थोड्याच दिवसांत मरतो. शंभर मृत गुरांत एकाहूनही कमी गुरे अशी विषारी असली तरी नाश होण्यास तेवढी पुरतात; कारण एका जनावरावर अनेक गिधाडे जमतात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ ह्या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

जनावरांसाठी हे औषध २००६ साली बंद झाले. तथापि माणसांकरिता असलेल्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात, म्हणून २०१५ साली त्यांवरही बंदी आली. २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसेक्लोफिनॅक ही औषधे गुरांसाठी वर्ज्य झाली. मेलॉक्सिकॅम गिधाडांस निर्धोक ठरले आहे. पालकसभेत हे नाव फळ्यावर लिहून द्यावे. गोठ्यात सुई टोचविणारा पशुपालक तेथेच भेटतो.

हिमालयाच्या पायथ्याशी पिंजोर येथे वाढविलेली काही गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये विदर्भात पेंच व ताडोबा येथे आणण्यात आली. तेव्हा वर्गात घारीच्या चित्राशेजारी गिधाडाचेही चित्र लावून ठेवावे.