घाटात गाडी गरम झाली तर… : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मे महिन्याच्या सुट्टीत कसारा, खंडाळा, कुंभार्ली, आंबोली अशा कुठल्याही घाटात जा, बॉनेट उघडं टाकून कडेला उभी असलेली एखादी तरी गाडी दिसतेच. भर दुपार, माणसांनी आणि सामानाने भरलेली गाडी, एसी चालू, पुढे ट्रकची रांग आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरवरची चढण. इंजिन तापण्याची सगळी कारणं एकाच वेळी जुळून येतात आणि रेडिएटरला वारा मात्र पुरेसा मिळत नाही.

मूळ दोष बहुतेक वेळा किरकोळ असतो. कुठे होज पाइप चिरलेला असतो, कुठे पंख्याचा फ्यूज उडालेला असतो, कुठे वॉटर पंप गळत असतो, तर कुठे रेडिएटरच्या झाकणाचा रबर वाळलेला असतो. इंजिनाचं खरं वाटोळं होतं ते त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत, घाईघाईने केलेल्या उपायांनी. हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना सांगितले जातात, म्हणून ते एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज १ : काटा लाल रेघेवर गेला, तरी पुढच्या गॅरेजपर्यंत गाडी रेटता येते.

वस्तुस्थिती : बहुतेक गाड्यांचं इंजिन साधारण ९० ते १०५ अंश सेल्सिअसवर चालतं. काटा लालवर गेला किंवा लाल दिवा लागला, याचा अर्थ तापमान ही मर्यादा ओलांडून गेलंय. इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं असतं आणि अनेक इंजिनांत खालचा ब्लॉक बिडाचा असतो. अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. अति उष्णतेने हेड वाकतं आणि दोघांमधलं गॅस्केट, ज्याला मेकॅनिक ‘हेड पॅकिंग’ म्हणतात, ते निकामी होतं. मग कूलंट ऑइलमध्ये किंवा थेट सिलिंडरमध्ये शिरतं. काही शे रुपयांच्या पाइपवर निभावलं असतं, तिथे हेड उतरवणं, मशीन शॉपमध्ये त्याचं फेसिंग करणं, नवं गॅस्केट बसवणं असं मोठं काम निघतं.

काटा नुकताच वर सरकू लागला असेल आणि कडेला जागा नसेल, तर एसी बंद करा, खिडक्या उघडा आणि हीटर पूर्ण क्षमतेने चालू करा. उन्हाळ्यात हे नको वाटतं, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो. तो इंजिनातली थोडी उष्णता गाडीत ओढून घेतो. सुरक्षित जागा मिळेपर्यंत एवढा दिलासा पुरतो. त्यापुढे गाडी नेऊ नका.

गैरसमज २ : काटा आपोआप खाली आला, म्हणजे गाडी थंड झाली.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत फसवा समज आहे. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंट गळून गेलं की सेन्सरभोवती फक्त वाफ आणि हवा उरते आणि तो चुकीचा, अनेकदा कमी आकडा दाखवतो. धातू मात्र तापतच असतो. काटा लालवर जाऊन अचानक खाली पडला, किंवा हीटरमधून गरम हवेऐवजी गार हवा येऊ लागली, तर इंजिनात कूलंट उरलेलं नाही असं समजून गाडी ताबडतोब बंद करा. बऱ्याच नव्या छोट्या गाड्यांत काटाच नसतो; इंजिन गार असताना निळा दिवा आणि अति गरम झालं की लाल दिवा, एवढंच असतं. लाल दिवा लागेपर्यंत वेळ आधीच निघून गेलेली असते, त्यामुळे तिथे ‘अजून थोडं’ या शब्दांना जागाच नाही.

गैरसमज ३ : बॉनेट उघडून लगेच झाकण काढावं आणि पाणी ओतावं.

वस्तुस्थिती : रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीचं काम करतं. ते आतला दाब धरून ठेवतं, म्हणून शंभर अंशांच्या पुढे जाऊनही कूलंट उकळत नाही. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला दिसेल, तो त्याच दाबाचा. झाकण फिरवलं की दाब एका क्षणात उतरतो, द्रवाची वाफ होते आणि उकळतं कूलंट चेहऱ्यावर, छातीवर, हातांवर उडतं. या भाजण्याने डोळे जाऊ शकतात.

बॉनेटमधून वाफ येत असेल, तर आधी ती ओसरू द्या. गाडी बंद करून किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा जाड होज पाइप हाताला सहन होण्याइतका गार झाल्यावरच जाड फडक्याने झाकण धरून थोडंसं फिरवा, ‘फुस्स’ आवाज थांबू द्या आणि मग उघडा. बंद गाडीतही विजेचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून ओढणी, साडीचा पदर आणि बोटं त्याच्यापासून दूर ठेवा.

गैरसमज ४ : इंजिनावर गार पाणी मारलं की काम लवकर होतं.

वस्तुस्थिती : तापलेल्या धातूला अचानक गारवा मिळाला की तो असमान आकुंचन पावतो, हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. थर्मासमधलं बर्फाचं पाणी रेडिएटरमध्ये ओतणंही तितकंच घातक. इंजिन गार झाल्यावर साधं पाणी हळूहळू घाला, आणि ते गॅरेज गाठेपर्यंतचीच तजवीज समजा.

गैरसमज ५ : कूलंट बर्फाच्या देशांसाठी असतं, आपल्याकडे पाणी पुरतं.

वस्तुस्थिती : कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोठण्यापासून वाचवतं हे खरं, पण उकळण्याचा बिंदूही वाढवतं. अर्धं पाणी आणि अर्धं कूलंट हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं आणि झाकणाच्या दाबाखाली त्याहूनही बरंच वर. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, तर सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरात ते ९५-९६ अंशांनाच उकळतं. झाकण थोडं जरी ढिलं असेल, तरी घाटमाथ्यावर हा फरक जाणवतो. शिवाय कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात. बोअरिंगच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि एक-दोन उन्हाळ्यांत त्या बुजवून टाकतात.

उलट टोकाचा समजही चूक आहे. निव्वळ कूलंट घातलं तर थंडावा वाढत नाही, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस. डब्यावर ‘तयार मिश्रण’ आहे की ‘घट्ट’ आहे ते वाचा आणि घट्ट असेल तर डिस्टिल्ड पाणी मिसळा. हिरवा, लाल, निळा हा केवळ रंग. प्रकार ठरतो गाडीच्या पुस्तिकेवरून. आणि सांडलेलं कूलंट लगेच धुऊन काढा. ते गोडसर पण विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यांचा जीव जातो.

गैरसमज ६ : थर्मोस्टॅट काढून टाकला की कटकट कायमची मिटते.

वस्तुस्थिती : हा सल्ला आजही गॅरेजमध्ये मिळतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो आणि इंजिनाला योग्य तापमानावर धरून ठेवतो. तो काढला की इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं, झीज वाढते. काही इंजिनांत तर तो नसताना बरंचसं कूलंट रेडिएटर चुकवून बायपास मार्गानेच फिरतं आणि गाडी पुन्हा तापते. अडकलेला थर्मोस्टॅट बदलायचा असतो.

गैरसमज ७ : मदत येईपर्यंत गाडीत बसून राहावं, मागे दगड ठेवले की झालं.

वस्तुस्थिती : वेगवान महामार्गावर कडेला उभ्या गाडीला मागून धडक बसण्याचा धोका मोठा असतो. पार्किंग दिवे लावा, हँडब्रेक ओढा आणि सगळ्यांना रहदारीच्या उलट बाजूने उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. लाल त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवा. घाटात वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. चढावर चाकाला दगड लावावा लागला, तर निघताना तो आठवणीने उचला. रस्त्यावर सोडलेला दगड रात्री एखाद्या दुचाकीस्वाराचा जीव घेऊ शकतो.

गैरसमज ८ : कुठलीही गाडी दोर बांधून टोचन करता येते.

वस्तुस्थिती : ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून ओढलं तर गिअर कोरडे फिरतात आणि गिअरबॉक्स जळतो. इलेक्ट्रिक गाडीत चाकांबरोबर मोटरही फिरते. या दोन्ही गाड्या आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या फ्लॅटबेडवरच, म्हणजे चारही चाकं उचलून न्याव्यात.

साधी गिअरची गाडी ओढता येते, पण इंजिन बंद असल्याने ब्रेक कडक होतो आणि स्टिअरिंग जड. चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होतं. दोर बंपरला किंवा खालच्या आर्मला बांधू नका. टूलकिटमध्ये एक जाड हूक असतो, तो बंपरवरची छोटी टोपी काढून आतल्या आट्यांत घट्ट फिरवायचा असतो. नियमानुसार दोन गाड्यांतलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नसावं, ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक चालक हवा आणि मागे टोचनची पाटी हवी. घाटाच्या उतारावर दोराचं टोचन करूच नका.

गैरसमज ९ : क्रेन गॅरेजपर्यंत नेते आणि खर्च इन्शुरन्स देतो.

वस्तुस्थिती : राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो. पण त्या क्रेनचं काम रस्ता मोकळा करण्याचं; ती गाडी जवळच्या सुरक्षित जागी सोडते. पुढची सोय आपली आपण करायची असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहेत. तिथले क्रमांक निघण्यापूर्वीच मोबाइलमध्ये साठवून ठेवा.

खासगी कारच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत गाडी उचलून नेण्याचा खर्च १,५०० रुपयांपर्यंत मिळतो, पण तो पॉलिसीत बसणाऱ्या अपघातासाठी. यांत्रिक बिघाड त्यात बसत नाही. त्यासाठी रोडसाइड असिस्टन्स वेगळं घ्यावं लागतं, आणि ते किती किलोमीटरपर्यंत फुकट आहे ते वाचावं लागतं. त्याच पॉलिसीत आणखी एक अट असते : बिघाडानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली, तर वाढलेल्या नुकसानीची जबाबदारी मालकाची. खासगी टोचनवाल्याशी भाडं आणि गॅरेजचा पत्ता आधी मेसेजवर ठरवा आणि गाडी चढवण्यापूर्वी चारही बाजूंचे फोटो काढा.

गैरसमज १० : पाणी भरलं, गाडी चालू झाली, म्हणजे बरी झाली.

वस्तुस्थिती : कूलंट आपोआप संपत नाही, ते कुठून तरी गेलेलं असतं. गॅरेजमध्ये रेडिएटरची प्रेशर टेस्ट करून घ्या. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसतं का, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का, गार इंजिन चालू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का, हे पाहायला सांगा. यातलं एकही लक्षण असेल, तर हेड तपासल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

घाटात अडकलेल्या कुटुंबाला उशीर परवडतो. भाजलेला चेहरा किंवा मागून बसलेली धडक परवडत नाही. लाल दिवा दिसताच गाडी बंद करा, माणसं कठड्यापलीकडे न्या आणि झाकणाला हात लावू नका. बाकी सगळं दुरुस्त होतं.