आईचा आजार मलाही होईल का?

“अगदी आजीच्या वळणावर गेली आहे हो!” असे तुमच्याविषयी कुणी ना कुणी म्हटले असेलच. नाक आजीचे, कुरळे केस वडिलांचे, उंची मामाची, हे आपण कौतुकाने ऐकतो. पण काही घरांत याच वाक्याची भीती वाटते. आई महिनोन्‌महिने उदास आहे, तिची झोप उडाली आहे, तिला कशातच गोडी वाटत नाही. डॉक्टरांनी नैराश्याचा विकार असल्याचे सांगितले आहे. मग मुलाच्या मनात प्रश्न येतो, ‘हे मलाही होणार का?’ हा प्रश्न सहसा मोठ्याने विचारला जात नाही. म्हणूनच आज त्याचे उत्तर शोधू.

प्रथम एक भेद लक्षात घ्या. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येणे किंवा सामना हरल्यावर रडू येणे हा आजार नव्हे. भीती ही शरीराची धोक्याची घंटा आहे आणि ती हवीच. पण कधी कधी धोका नसतानाच ही घंटा जोरात वाजते. छाती धडधडते, श्वास कोंडतो, हातपाय थरथरतात, आता आपण मरतो की काय असे वाटते आणि थोड्या वेळाने सारे ओसरते. हा भीतीचा झटका. असे झटके वारंवार येऊ लागले आणि पुढच्या झटक्याच्या धास्तीने माणूस घराबाहेर पडेनासा झाला, की त्याला विकार म्हणतात.

जुळ्यांची साक्ष

अशा विकारांत वारसा किती आणि परिस्थिती किती, हे कसे ठरवायचे? आई आणि मूल यांच्यात जनुके सामाईक असतात, तसे घरही एकच असते. ही गाठ सोडवण्यासाठी शास्त्रज्ञ जुळ्या भावंडांकडे वळले. एकाच फलित बीजांडापासून झालेल्या जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. दोन बीजांडांपासून झालेली जुळी मात्र इतर सख्ख्या भावंडांसारखीच असतात. माणसामाणसांत जे जनुकीय फरक आढळतात, त्यांपैकी सरासरीने निम्मेच त्यांच्यात सामाईक असतात. घर दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना एकच. तेव्हा पहिल्या प्रकारच्या जोड्यांत दोघांनाही विकार होण्याचे प्रमाण अधिक आढळले, तर ते आधिक्य जनुकांच्या खाती जमा करता येते.

अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब २००० साली प्रसिद्ध झाला. नैराश्याच्या बाबतीत वारशाचा वाटा सुमारे ३७ टक्के निघाला. भीतीच्या झटक्यांच्या विकारात तो ४० टक्क्यांच्या आसपास आढळतो.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्वारीच्या शेतात काही ताटे उंच, काही ठेंगणी असतात. या फरकातील काही भाग बियाण्यामुळे असतो, काही पाणी, खत आणि उन्हामुळे. ३७ टक्के म्हणजे अनेक माणसांमधील फरकापैकी बियाण्याचा वाटा. ‘आईच्या दुःखापैकी ३७ टक्के जनुकांमुळे’ असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही.

एका जनुकाची कथा

मग हे जनुक कोणते? येथे एक बोधप्रद कथा आहे. चेतापेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या रसायनांपैकी एक म्हणजे सिरोटोनिन. ते पेशीत परत खेचून घेणारे प्रथिन ज्या जनुकामुळे बनते, त्याच्या लगतचा एक भाग काहींमध्ये आखूड, तर काहींमध्ये लांब असतो. आखूड रूप असणाऱ्यांचा स्वभाव किंचित अधिक काळजीखोर असतो, असे १९९६ साली एका संशोधनात आढळले. २००३ साली न्यूझीलंडमधील डनेडिन येथल्या ८४७ तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आयुष्यात संकटे आल्यावर आखूड रूप असणारे नैराश्याला अधिक बळी पडतात, असा त्याचा निष्कर्ष होता. मोठा गाजावाजा झाला.

पण विज्ञानात एकदा दिसून भागत नाही. २००९ साली १४ अभ्यासांतील १४,२५० जणांची माहिती एकत्र तपासली गेली. संकटे आणि नैराश्य यांचा संबंध स्पष्ट दिसला, त्या जनुकाचा मात्र दिसला नाही. २०१९ साली लाखो लोकांच्या माहितीवरून अशी १८ नावाजलेली जनुके पारखली गेली. कोणतीही जनुके डोळे मिटून निवडावीत, त्यांहून ती सरस ठरली नाहीत!

असे का झाले? वर्गात एक प्रयोग करा. चाळीस जणांनी प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवावे. साधारण सहा-सात जणांना सात किंवा अधिक छापे पडतील. त्यांची नाणी खोटी आहेत का? नाही, तो केवळ योगायोग. हजार वेळा उडवून सातशे छापे मात्र सहसा कुणालाच मिळणार नाहीत. लहान नमुना असा फसवतो.

शास्त्रज्ञांनी मग नमुना वाढवला. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २९ देशांतील सुमारे ६ लाख ८८ हजार रुग्ण आणि ४३ लाखांहून अधिक इतर लोक होते. नैराश्याशी निगडित असे ६९७ जनुकीय फरक त्यांत सापडले. प्रत्येकाचा परिणाम अगदी चिमूटभर. अशा विकारांत ‘नैराश्याचे जनुक’ म्हणून बोट दाखवावे असे एकच जनुक नसते. शिवाय यांतील बरेच फरक चिंताविकारांतही सामाईक असतात. म्हणूनच एकाच घरात एकाला झटके येतात, तर दुसऱ्याला नैराश्य.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आई-वडिलांपैकी एकाला नैराश्य असेल, तर मुलांना ते होण्याची शक्यता साधारण दुप्पट-तिप्पट असते. समजा, एरवी शंभरांपैकी दहा जणांना हा विकार होतो. मग अशा घरांतील शंभर मुलांपैकी वीस ते तीस जणांना तो होईल, म्हणजे सत्तर ते ऐंशी जणांना होणार नाही. वारशाने येतो तो कल, आजार नव्हे.

आणि वारशाने आलेले असाध्यच असते, असेही नाही. दृष्टिदोषही घराण्यात चालतो, पण चष्मा लावला की फळा दिसतो. नैराश्यावर आणि भीतीच्या झटक्यांवर समुपदेशन व औषधे यांचा उपयोग होतो. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप व भूक बिघडली, जगणे नकोसे वाटू लागले, तर घरच्यांना, शिक्षकांना किंवा डॉक्टरांना लगेच सांगा. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे विनामूल्य बोलता येते.

आणि हो, आई आजारी आहे ती तुमच्यामुळे नव्हे आणि तिच्या मनाच्या दुबळेपणामुळेही नव्हे. हे तिलाही एकदा सांगा.