शाळेच्या संगणकीय किल्ल्या : खाती व टॅबलेट सांभाळणाऱ्या व्यवस्थेची निवड

शाळेचा कार्यभार एका मुख्याध्यापकाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा चार्ज यादी केली जाते. जनरल रजिस्टर, रोकडवही, जडवस्तू संग्रह नोंदवही, शिक्के आणि शेवटी किल्ल्यांचा जुडगा अशा क्रमाने एकेक वस्तू मोजून दिली जाते व दोघांच्याही सह्या होतात. ही पद्धत जुनी आहे आणि चांगली आहे. परंतु अलीकडे शाळेच्या संग्रहात एका नव्या प्रकारच्या किल्ल्यांची भर पडली असून त्यांची नोंद या यादीत क्वचितच आढळते. शाळेचे ई-मेल खाते, विद्यार्थ्यांची माहिती भरण्याच्या संकेतस्थळांची लॉगिने, टॅबलेटांचे पासवर्ड, या त्या किल्ल्या होत. पुष्कळदा त्या संगणकाची आवड असलेल्या एखाद्या गुरुजींच्या वहीत किंवा त्यांच्या खाजगी मोबाईलमध्ये असतात. गुरुजींची बदली झाली तरी ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर येत राहतो, आणि नव्या शाळेत वर्गावर असलेल्या गुरुजींना जुन्या शाळेचे फोन घ्यावे लागतात.

हा गोंधळ आवरण्यासाठी मोठ्या कंपन्यांतून काही वर्षांपासून एक व्यवस्था वापरात आहे. सर्व कर्मचाऱ्यांची खाती, त्यांचे अधिकार आणि त्यांच्या हातातील संगणक व मोबाईल यांचा कारभार एकाच ठिकाणाहून इंटरनेटद्वारे चालविणारी ही संगणक-प्रणाली असते. शाळांना टॅबलेट मिळू लागल्यापासून ती आपल्याही दारी आली आहे. विक्रेते येतात, पडद्यावर सुबक तक्ते दाखवितात, आणि प्रणाली काय काय करू शकते ते सांगतात. ते सांगणे बहुधा खरेही असते. तथापि निवड करणाऱ्याने पहिला प्रश्न निराळाच विचारावयास हवा : या प्रणालीत सर्वाधिक अधिकार कोणाच्या हाती राहील, आणि तो परत कसा घेता येईल? प्रस्तुत लेख मुख्यतः या प्रश्नाविषयी आहे.

प्रथम या व्यवस्थेची कामे समजून घेऊ. ती तीन आहेत. ही व्यक्ती कोण, हे ठरविणे म्हणजे ओळख. तिला काय पाहता येईल व काय बदलता येईल, हे ठरविणे म्हणजे प्रवेशाधिकार. तिच्या हातातील यंत्र कोणत्या नियमांनी चालेल, ते हरवल्यास काय करावयाचे, हे ठरविणे म्हणजे उपकरण-व्यवस्थापन. यांपैकी ओळखीचे काम कसे चालते ते शिक्षकांना सहज कळेल, कारण आपण ते कागदावर रोज करतो. विद्यार्थी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन येतो तेव्हा आपण त्याच्या जन्मतारखेची नव्याने चौकशी करीत बसत नाही. आधीच्या शाळेचा शिक्का व मुख्याध्यापकांची सही पाहून त्यावर विश्वास ठेवतो. संगणकातही तसेच होते. शिक्षकाने एकदा ओळख-केंद्रात आपला पासवर्ड दिला की ते केंद्र इतर प्रणालींना सही केलेला एक दाखला पाठविते. त्या प्रणालींना पासवर्ड कधी दिसतच नाही. या दाखल्याचे नमुने सर्वमान्य झालेले आहेत. त्यांतील एसएएमएलची दुसरी आवृत्ती २००५ साली आणि ओपनआयडी कनेक्ट हा नमुना २०१४ साली निश्चित झाला. घ्यावयाची प्रणाली हे दोन्ही नमुने मानते किंवा नाही, हे अवश्य विचारावे. न मानल्यास आपण एकाच विक्रेत्याशी कायमचे बांधले जातो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण विक्रेता ती सांगत नाही. शासनाची अनेक संकेतस्थळे स्वतःचेच लॉगिन मागतात. विकत घेतलेले ओळख-केंद्र तेथे दाखला देऊ शकत नाही. तेव्हा सर्व पासवर्ड एकदम नाहीसे होतील, ही आशा ठेवू नये.

पूर्वी अशी नोंदवही कार्यालयातील सर्व्हरवर असे. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी २००० साली विंडोज २००० बरोबर आली, ती याच पद्धतीची. एका इमारतीतील, एकाच जाळ्यातील संगणकांसाठी ती उत्तम होती. आता नोंदवही दूरच्या एखाद्या माहिती-केंद्रात असते व इंटरनेटने तेथे पोचता येते. क्लाऊड म्हणतात ते हेच. मायक्रोसॉफ्टच्या क्लाऊडमधील नोंदवहीचे नाव २०२३ पर्यंत अझ्यूर ॲक्टिव्ह डिरेक्टरी असे होते. त्या वर्षी ते बदलून एन्ट्रा आयडी झाले. जुन्या दरपत्रकात एक नाव व नव्यात दुसरे दिसल्यास त्या दोन वस्तू समजू नयेत. ओक्टा व जंपक्लाऊड या अमेरिकी कंपन्या, चेन्नईची झोहो, असे इतरही पुरवठादार आहेत. गूगलच्या शैक्षणिक प्रणालीची प्राथमिक आवृत्ती पात्र शाळांना विनामूल्य मिळते. कीक्लोक नावाची मुक्त प्रणाली कोणालाही फुकट घेता येते. मात्र तिच्यासाठी सर्व्हर व तो सांभाळणारा जाणकार माणूस आपलाच लागतो. बैल फुकट मिळाला तरी वैरण रोज लागते.

आता अधिकाराच्या प्रश्नाकडे वळू, आणि त्यासाठी सिंगापूरचे उदाहरण घेऊ. तेथील माध्यमिक शाळांतील प्रत्येक विद्यार्थ्याजवळ अभ्यासाचे स्वतंत्र उपकरण असते; कोणाजवळ आयपॅड, कोणाजवळ क्रोमबुक. मुलांनी त्यावर भलतेसलते पाहू नये व वेळेचे बंधन पाळावे म्हणून मोबाईल गार्डियन नावाची उपकरण-व्यवस्थापन प्रणाली त्यांवर बसविली होती. ४ ऑगस्ट २०२४ रोजी या कंपनीच्या यंत्रणेत कोणी अनधिकृत शिरले. परिणाम असा झाला की २६ माध्यमिक शाळांतील सुमारे १३,००० विद्यार्थ्यांची उपकरणे दुरूनच कोरी झाली. मुलांनी काही केले नव्हते, शिक्षकांनीही नव्हते. हरवलेले यंत्र चोराच्या उपयोगी पडू नये म्हणून ते दुरून कोरे करण्याची सोय प्रणालीत होती. तीच सोय त्या दिवशी मुलांच्या टिपणांवर फिरली. ज्यांनी आपल्या लेखनाची प्रत अन्यत्र ठेवली नव्हती त्यांचे काय झाले असेल, ते शिक्षकास सांगावयास नको. शिक्षण मंत्रालयाने ती प्रणाली सर्व आयपॅड व क्रोमबुकवरून काढून टाकली. याच कंपनीकडून त्याच वर्षी एप्रिलमध्ये १२७ शाळांतील पालक व शिक्षकांची नावे आणि ई-मेल पत्ते बाहेर गेले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

सिंगापूर हा काही गबाळा कारभार करणारा देश नव्हे. तेथे मोठे मंत्रालय आहे, तंत्रज्ञ आहेत, पैसा आहे. तरीही असे घडले, याचे कारण या प्रणालीच्या रचनेतच आहे. जे केंद्र एका कळीने हजार टॅबलेट दुरुस्त करू शकते, तेच एका कळीने हजार टॅबलेट कोरे करू शकते. ही शक्ती हवी असेल तर तिच्यावर पहारा हवा. म्हणून विक्रेत्यास विचारावे की दुरून कोरे करण्याचा अधिकार इतर अधिकारांपासून वेगळा काढता येतो काय. एका वेळी किती यंत्रे कोरी करता येतील यावर मर्यादा घालता येते काय. दुसऱ्या अधिकाऱ्याच्या संमतीविना तो हुकूम सुटणार नाही अशी तरतूद आहे काय. काही प्रणालींत दोघांच्या संमतीची सोय आहे. शिक्षकाला पासवर्ड बदलून देण्याचा अधिकार केंद्रशाळेपर्यंत खुशाल द्यावा, पण कोरे करण्याचा अधिकार तालुक्याखाली देऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि मुलांचे काम यंत्राबाहेर आपोआप साठत असल्याचे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज कोणतीही प्रणाली स्वीकारू नये.

मुख्य अधिकाराचे खाते एकच नसावे. एकच असेल आणि त्याचा धनी आजारी पडला तर सर्व जिल्हा थांबेल. दहा असतील तर चोरास दहा दारे. दोन किंवा तीन पुरेत, आणि ती रोजच्या ई-मेलसाठी वापरू नयेत. शिवाय अडचणीच्या वेळेसाठी एक राखीव खाते करून त्याचा पासवर्ड मोहोरबंद पाकिटात, कार्यालयाच्या कपाटात ठेवावा. तिजोरीची दुसरी किल्ली आपण अशीच ठेवतो.

पासवर्ड कितीही लांब असला तरी तो एकटा पुरत नाही, हे अमेरिकेतील एका प्रकाराने दाखविले आहे. पॉवरस्कूल ही तेथील शाळांची विद्यार्थी-नोंद ठेवणारी मोठी कंपनी. डिसेंबर २०२४ मध्ये तिच्या साहाय्य-विभागाच्या संकेतस्थळाचे एक चोरलेले लॉगिन वापरून असंख्य विद्यार्थी व शिक्षकांची माहिती नेण्यात आली. यास्तव पासवर्डाखेरीज दुसरा पुरावा मागितला जाणे अत्यावश्यक आहे. आपल्याकडे दुसरा पुरावा म्हटला की ओटीपीचा संदेश आठवतो. डोंगरातल्या वाडीवर, जेथे रेंजसाठी टेकडीवर जावे लागते, तेथे तो उपाय नव्हे. मोबाईलमधील ऑथेंटिकेटर ॲप सहा अंकांचा क्रमांक स्वतःच तयार करते. त्याला रेंज लागत नाही, मोबाईलचे घड्याळ मात्र बरोबर असावे लागते. अंगठ्याएवढी, संगणकास जोडावयाची सुरक्षा-किल्लीही मिळते. ती शाळेच्या नावे घेता येते व चार्ज यादीत लिहिता येते, हा तिचा मोठाच गुण आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना मात्र यातले काही नको. त्यांना वैयक्तिक खातीही नकोत. वर्गाचा टॅबलेट वर्गाच्या नावे असावा.

रेंजचा विचार उपकरणांच्या बाबतीतही करावा. टॅबलेटवर एकदा उतरलेले नियम इंटरनेट नसतानाही चालू राहतात. नवा हुकूम मात्र यंत्र जाळ्यास जोडले गेल्यावरच पोचतो. टॅबलेट चोरीस गेला आणि चोराने तो जोडलाच नाही, तर कोरे करण्याचा हुकूम केंद्रातच पडून राहील. म्हणून यंत्राच्या पडद्याचे कुलूप व आतील माहितीचे सांकेतिक रूपांतर ही खरी राखण होय.

शिक्षकांच्या स्वतःच्या मोबाईलचा विषय नाजूक आहे. शाळेचे काम खाजगी मोबाईलवर चालते हे सर्वांस ठाऊक आहे. असा मोबाईल प्रणालीत नोंदवावयाचा असेल तर अँड्रॉईडमध्ये कामापुरता वेगळा कप्पा करता येतो. कार्यालयास त्या कप्प्यातील गोष्टी काढून घेता येतात; शिक्षिकेच्या मुलांची छायाचित्रे व घरचे संदेश कप्प्याबाहेर, तिच्या ताब्यात राहतात. हा कप्पा न करता संपूर्ण मोबाईल नोंदवा असे कोणी सांगितल्यास शिक्षकांनी नकार द्यावा, आणि कार्यालयाने तो मानावा.

मुलांच्या माहितीसंबंधी आता कायदाही आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ साली झाला, व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. अठरा वर्षांखालील व्यक्ती या कायद्याने बालक ठरते व पालकांच्या संमतीविषयी त्यात खास कलमे आहेत. विक्रेत्याकडून लेखी घ्यावे की माहिती कोठे साठविली जाईल, कोण पाहील, आणि करार संपल्यावर ती केव्हा पुसली जाईल. किमतीबाबतही तसेच. काही प्रणाली माणशी दर लावतात, काही यंत्रामागे. एक टॅबलेट पाच मुले वापरीत असतील तर दोन्ही दरांत केवढा फरक पडेल याचा हिशेब पाचवीचा विद्यार्थीही करील, परंतु खरेदीच्या घाईत तो राहून जातो.

प्रणालीची परीक्षा कशी घ्यावी? प्रात्यक्षिकाच्या दिवशी विक्रेत्यास सांगावे : हे मुख्याध्यापक आज सायंकाळी कार्यमुक्त होत आहेत व उद्या दुसरे रुजू होणार आहेत, आमच्यासमोर पहिल्यांचे सर्व अधिकार काढा व दुसऱ्यांना द्या. मग पहिल्यांच्या मोबाईलवर काय काय अजून उघडते ते पाहावे. पुष्कळदा खाते बंद केल्यावरही काही पाने उघडी राहतात, कारण आधी दिलेल्या दाखल्याची मुदत, बहुधा तासाभराची, संपलेली नसते. हे दाखले तत्काळ रद्द करण्याची सोय असते. विक्रेत्यास ती दाखविता आली पाहिजे. ही परीक्षा तालुक्याच्या गावी न घेता रेंज कमी असलेल्या एखाद्या शाळेत घ्यावी.

शेवटी वेळेविषयी. संपूर्णपणे शाळेच्या ताब्यातील अँड्रॉईड टॅबलेट प्रणालीत नोंदवावयाचा तर तो अगदी नव्यासारखा कोरा असावा लागतो. वापरात आलेले यंत्र प्रथम पुसावे लागते. म्हणून निवड टॅबलेट वाटपापूर्वी झाली पाहिजे. खोकी आली असतील तर ती उघडू नयेत. वाटप आधीच झाले असेल तर उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत थांबून, मुलांच्या कामाची प्रत काढून घेऊन, एकेका केंद्रातील यंत्रे क्रमाने नोंदवावीत. तोवर चार्ज यादीत एक नवे पान घालण्यास कोणत्याही खरेदीची गरज नाही. त्या पानावर खात्याचे नाव, ते ज्या मोबाईल क्रमांकाशी जोडले आहे तो क्रमांक, बदलल्याची तारीख व दोघांच्या सह्या असे रकाने असावेत. पासवर्ड मात्र त्या पानावर लिहू नये.