झिरपणाऱ्या कॉफीचे शास्त्र

१८५४ साली आगगाडी कल्याणास पोहोचली आणि पुढे तिच्याच आश्रयाने मुलखामुलखांतील माणसे नोकरीनिमित्त ठाणे, कल्याण व डोंबिवलीत स्थायिक झाली. त्यांत दक्षिणेकडून आलेल्या कुटुंबांनी आपल्या संसाराबरोबर पितळेचे एक दुमजली भांडे आणले, आणि डोंबिवलीत बालपण गेलेल्या माझ्यासारख्या अनेकांना कॉफीचे दुसरे रूप त्या भांड्याने दाखविले.

आमच्या घरची कॉफी म्हणजे दूध, साखर व पूड एकत्र उकळून, वर जायफळ किसून पाहुण्यांपुढे ठेवण्याचा खास जिन्नस. उकळताना तिचा दरवळ घरभर पसरे. परंतु हवेत गेलेला सुगंध पेल्यात उरत नाही, कारण कॉफीची गंधद्रव्ये बाष्पशील असतात. जायफळातील सुगंधी तेले मात्र दुधाच्या स्निग्धांशात विरघळून टिकून राहतात, आणि म्हणून गेलेल्या गंधाची भरपाई करणारी ही वहिवाट रसायनशास्त्राच्या कसोटीसही उतरते.

शेजारच्या तंजावरकडील मामींची रीत निराळी होती. त्या दुमजली फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड घालून त्या ती दांडीच्या चकतीने हलकेच, पण सर्वत्र सारखी दाबीत. उकळी येऊन क्षणभर विसावलेले पाणी प्रथम पूड भिजेल इतकेच व मग काठोकाठ ओतीत, आणि झाकण ठेवून अन्य कामास लागत. एकदा थेंब पडेनासे झाले, तेव्हा मी पूड ढवळू पाहताच त्या म्हणाल्या, "ढवळू नको बाळा, खालच्या हवेला वाट दे," आणि वरचे भांडे किंचित सैल करताच डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, पुन्हा उतरू लागले.

खालच्या भांड्यात कोंडलेली हवा बाहेर पडल्यावाचून वरचा द्रव खाली येऊ शकत नाही, हा त्यातील सिद्धांत. दाबण्यालाही असेच कारण आहे: पूड जेथे सैल राहील तेथून पाणी आपली वाट काढते व उरलेल्या पुडीचा कस तसाच राहून जातो. पहिल्या पाण्याने पूड फुगते, ती भाजणीच्या वेळी बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड सुटल्यामुळे. पुडीच्या वजनापैकी सुमारे ३० टक्के भाग पाण्यात उतरू शकतो. परंतु १८ ते २२ टक्के उतरला असता चव समतोल राहते, असे जाणकार मानतात, कारण आम्ले व कॅफीन आधी विरघळतात, तर कडू-तुरट द्रव्ये मागाहून येतात. हे कॅफीन १८१९ साली जर्मन रसायनज्ञ रुंगे यांनी प्रथम वेगळे केले. थकव्याची वर्दी देणाऱ्या ॲडेनोसिनची मेंदूतील जागा ते अडविते, आणि सुमारे ५ तासांनंतरही त्याचा निम्मा अंश शरीरात शिल्लक असल्याने सायंकाळच्या पेल्याचा हिशेब रात्रीच्या झोपेस चुकवावा लागतो.

पुढे कॉफी भाजून-दळून देणाऱ्या दुकानांत 'प्लांटेशन', 'पीबेरी', '८०-२०' ही परिभाषा मी शिकलो. यांतील २० म्हणजे चिकोरी, अर्थात एका वनस्पतीचे भाजलेले मूळ. तिच्यात कॅफीन मुळीच नसते, पण तिचा विद्राव्य अंश कॉफीहून अधिक असल्याने डिकॉक्शनला दाट रंग व अंग येते. कायद्याने अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावीच लागते. मात्र चिकोरी ओलावा झपाट्याने शोषते, म्हणून आमच्याकडच्या आषाढ-श्रावणात सैल झाकणाच्या डब्यातील पुडीची ढेकळे होतात. विशेष असे, की पश्चिम किनाऱ्यावरचा हाच दमटपणा कच्च्या बियांवर हेतुपुरस्सर कित्येक आठवडे घेतला असता त्या फुगतात, त्यांची आम्लता मावळते, आणि 'मॉन्सून्ड मलबार' ही जगविख्यात जात सिद्ध होते.

कॉफीवर मनापासून प्रेम करणाऱ्याने मोठी यंत्रे मागविण्यापूर्वी आठवड्यापुरतीच ताजी पूड आणावी, ती घट्ट झाकणात ठेवावी, आणि पाणी, दाब व वेळ या तिन्हींची कसोशीने तजवीज करावी. कारण मळेवाल्याने आणि भट्टीवाल्याने जे कमाविले, ते राखणे वा गमावणे शेवटी आपल्याच हाती असते.