पाण्याला औषधाचा वास येतो, ही तक्रार नको

वस्तीत फिरताना माता-भगिनींची एक तक्रार आम्हाला नेहमी ऐकू येते, "पाण्याला औषधाचा वास येतो हो, पोरं तोंड लावत नाहीत." आमचे म्हणणे उलटे आहे. तो हलका वास क्लोरीनचा असतो. काळजी करायची ती वास यायचा बंद होतो तेव्हा. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत घरोघरी जुलाब लागले, तेव्हा नळाचे पाणी दिसायला काचेसारखे स्वच्छ होते.

शुद्धीकरण केंद्रातून पाणी क्लोरीन घालून निघते, पण घरी येण्याआधी ते उंच टाकीत साठते. टाकीच्या तळाशी गाळ बसतो, भिंतींना बुळबुळीत थर धरतो. क्लोरीन या घाणीतच खर्ची पडतो. झाकण उघडे राहिले किंवा हवेच्या पाइपाची जाळी फाटली, की कबुतरे, पाली आत शिरतात. टाकी तळाला आली की गाळ ढवळतो आणि गढूळ पाणी नळाला उतरते.

नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. त्यासाठी आरोग्य कर्मचारी 'ओटी टेस्ट' करतात. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकतात. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. (ते पाणी फेकूनच द्यायचे. औषध विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नका.) ही तपासणी एकाच दिवशी दोन ठिकाणी करायला सांगा, टाकीखालच्या नळावर आणि गल्लीतल्या शेवटच्या नळावर. टाकीपाशीच रंग आला नाही तर दोष टाकीचा किंवा त्याच्याही मागचा. तिथे आला आणि गल्लीत नाही, तर बहुधा लाइन कुठेतरी फुटली आहे आणि गटाराचे पाणी आत येते आहे. नळाला थेट मोटार लावली की ते आणखी ओढले जाते, हेही आपसात बोलायला हवे.

टाकी धुणे म्हणजे नुसते पाणी सोडून देणे नव्हे. आधी रिकामी करून गाळ काढायचा, भिंती ब्रशने घासायच्या, मग टीसीएल पावडरच्या कडक पाण्याने धुऊन ते पाणी बाहेर सोडायचे. टीसीएलचे पोते उघडे राहिले की पावडरचा जोर जातो. तसली पावडर वापरून उपयोग नाही. आणि टाकीत उतरणारा कामगार बहुतेक वेळा आपल्यासारख्याच वस्तीतला असतो. झाकणे उघडून हवा खेळू दिल्याशिवाय आणि वर एक माणूस उभा केल्याशिवाय त्याला आत उतरवू नये, हे आपणच बजावले पाहिजे.

टाकी शेवटची कधी धुतली, ही तारीख अनेक ठिकाणी टाकीवरच रंगवलेली असते. नसेल तर पाच-दहा घरांच्या सह्यांनी वॉर्ड कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात तारीख आणि ओटी टेस्टच्या नोंदी मागा.

तोवर पिण्याचे पाणी गाळून, खळखळ उकळून घ्या. माठावर झाकण ठेवा आणि पाणी दांड्याच्या ओगराळ्यानेच काढा.