टेप ड्राइव्हला दोष देण्याआधी

सर्व्हरचा रात्रीचा बॅकअप फसला आणि सकाळी लॉगमध्ये लाल अक्षरं दिसली, की पहिला संशय टेप ड्राइव्हवर जातो. रॅकमधलं सगळ्यात जुन्या वळणाचं, आवाज करणारं यंत्र तेच, त्यामुळे असं होणं स्वाभाविक आहे. ड्राइव्ह बदलून मागितला जातो, नवा बसतो आणि काही दिवसांनी तोच एरर पुन्हा येतो. माझं म्हणणं असं आहे की बॅकअपच्या साखळीत स्वतःच्या प्रकृतीची सगळ्यात जास्त माहिती देणारं यंत्र टेप ड्राइव्हच आहे. ती माहिती न वाचता त्यालाच आधी काढून टाकणं, ही बिघाड शोधण्याची सगळ्यात महागडी पद्धत ठरते.

यंत्राची घडण पाहिली की हे पटतं. आयबीएमचा 726 हा टेप ड्राइव्ह 1952 साली आला, त्याची टेप अर्धा इंच रुंद होती. आजच्या एलटीओ ड्राइव्हची टेपही अर्ध्या इंचाचीच आहे. बाकी जवळजवळ सगळं बदललं. आयबीएम, एचपी आणि सीगेट यांनी मिळून घडवलेल्या एलटीओच्या पहिल्या पिढीत, 2000 साली, एका कार्ट्रिजमध्ये 100 जीबी मावत. 2017 च्या एलटीओ-8 मध्ये 960 मीटर टेपवर 12 टीबी मावतात. टेप हेडसमोरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, उलट फिरते आणि शेजारच्या पट्ट्यावर लिहून घेत परत येते. लिहिणाऱ्या भागाच्या पाठोपाठ वाचणारा भाग असतो. तो नुकतंच लिहिलेलं लगेच वाचून पाहतो, आणि चूक सापडली तर तेवढा मजकूर पुढे पुन्हा लिहिला जातो. हार्ड डिस्क एरवी एवढी खातरजमा करत नाही. शिवाय कार्ट्रिजमधल्या चिपमध्ये तिच्या वापराचा इतिहास साठतो, आणि टेपअलर्ट या 64 इशाऱ्यांच्या यादीतून ड्राइव्ह थेट सांगतो की हेड साफ करा, ही कार्ट्रिज खराब आहे, किंवा माझ्याच हार्डवेअरमध्ये बिघाड आहे.

एरर आला की त्यासोबत ‘सेन्स की’ नावाचा एक आकडा येतो. 3 असेल तर तक्रार टेपवरच्या लिहिण्या-वाचण्याची. 4 असेल तर हार्डवेअरची. 7 असेल तर आधी कार्ट्रिजवरची राइट-प्रोटेक्टची खिटी पाहावी. लिनक्समध्ये हे कर्नलच्या लॉगमध्ये मिळतं. बॅकअपचं सॉफ्टवेअर मात्र बरेचदा या सगळ्याच्या जागी ‘जॉब फेल्ड’ एवढंच दाखवतं, आणि तपास तिथेच भरकटतो. 3 हा आकडाही एकट्याने पुरेसा नाही, कारण टेप खराब असो वा हेड मळलेलं, तक्रार सारखीच येते. तेव्हा त्याच ड्राइव्हमध्ये नवी कोरी कार्ट्रिज लावून पाहायची. तीही अडखळली तर संशय ड्राइव्हवर. ती नीट चालली तर आधीच्या कार्ट्रिजवर. उलट दिशेने, म्हणजे संशयित कार्ट्रिज एकामागून एक सगळ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. चुरगळलेली किंवा खरवडलेली टेप हेडवर कचरा सोडते आणि ते हेड पुढच्या चांगल्या टेपा बिघडवतं. सफाईचंही तसंच. क्लीनिंग कार्ट्रिजचे वापर ठरावीक असतात, आणि मनाला येईल तेव्हा साफ करत राहिलं तर हेड झिजतं. ड्राइव्ह मागेल तेव्हाच सफाई करावी.

पण तपासात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते ड्राइव्हला डेटा पुरवणाऱ्या बाजूकडे. एलटीओ-8 ड्राइव्ह सेकंदाला 360 एमबीपर्यंत लिहितो. डेटा हळू आला तर तो आपला वेग कमी करतो, पण साधारण एक तृतीयांशाच्या खाली जात नाही. आता एक गिगाबिटचं नेटवर्क घ्या. त्यातून सगळं सुरळीत असताना सेकंदाला जेमतेम 110-115 एमबी येतात. सर्व्हरवर लाखो बारीक फाइली असतील तर प्रत्येक फाइल शोधण्या-उघडण्यात वेळ जातो आणि प्रवाह याहून कितीतरी खाली घसरतो. ड्राइव्हचा बफर रिकामा होतो. सेकंदाला काही मीटर वेगाने धावणारी टेप जागच्या जागी थांबू शकत नाही. ती पुढे जाऊन थांबते, मागे येते, पुन्हा वेग घेते आणि मग जिथे लिखाण तुटलं तिथून पुढे लिहू लागते. बुटांना पॉलिश करताना फडकं मागेपुढे होतं तसं हे चालतं, म्हणून या व्यवसायात त्याला ‘शू-शायनिंग’च म्हणतात. टेपचा तोच तुकडा हेडवरून पुन्हा पुन्हा घासला जातो, कचरा साठतो, सफाईचे इशारे वाढतात, सकाळ उजाडली तरी बॅकअप संपत नाही आणि शेवटी एररही येऊ लागतात. अशा वेळी जुना ड्राइव्ह काढून नव्या पिढीचा बसवला तर दुखणं वाढण्याची शक्यताच जास्त, कारण नव्याचा किमान वेगही बहुधा जास्त असतो. खरा उपाय म्हणजे डेटा आधी वेगवान डिस्कवर गोळा करायचा आणि तिथून टेपवर एका दमात लिहायचा.

काही बिघाडांशी तर यंत्राचा काडीचाही संबंध नसतो. लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हची दोन नावं असतात. ‘एसटी-0’ने काम संपलं की टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते, ‘एनएसटी-0’ने ती आहे तिथेच राहते. स्क्रिप्टमध्ये पहिलं नाव घालून लागोपाठ दोन बॅकअप घेतले, तर दुसरा पहिल्यावरच लिहिला जातो आणि दोन्ही कामं ‘यशस्वी’ म्हणून नोंदली जातात. दुसरं उदाहरण ब्लॉकच्या आकाराचं. टेप मोठ्या ब्लॉकने लिहिलेली असेल आणि वाचताना ‘टार’ या कमांडचा ठरलेला 10,240 बाइटचा आकडाच ठेवला, तर मेमरी मिळत नसल्याचा संदेश येतो. वाचणारा रॅम तपासत बसतो; दोष असतो फक्त वाचण्याच्या आकड्यात.

यावर एक रास्त आक्षेप येतो: ड्राइव्ह खरोखर बिघडत नाहीत का? बिघडतात. हेड झिजतं, लोडिंगची यंत्रणा अडकते, आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या दमट हवेत कार्ट्रिजा वातानुकूलित खोलीबाहेर पडून राहिल्या तर टेपेलाही त्रास होतो. बाहेरून आणलेली कार्ट्रिज त्या खोलीत मुरू देऊन मगच लावावी, ती याचसाठी. पण नीट वाचलेला सेन्स की आणि दोन कार्ट्रिजांची तुलना हाताशी असली, तर ड्राइव्ह बदलण्याचा निर्णयही लवकर आणि निर्धास्तपणे घेता येतो.

दुसरा आक्षेप मोठा आहे: एवढी कटकट असेल तर टेप सोडून सगळं नेटवर्कवर का ठेवू नये? फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलच्या स्टोरेज सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीमुळे जीमेलच्या सुमारे 0.02 टक्के वापरकर्त्यांची पत्रं गायब झाली. वेगवेगळ्या डेटा सेंटरमधल्या प्रतीही त्या चुकीतून सुटल्या नाहीत. पत्रं परत आणली ती टेपवरून, कारण टेप ऑफलाइन असल्याने ती चूक तिथे पोहोचू शकली नव्हती. उलट 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा क्लाउडवर जाणारे त्यांचे बॅकअप आधीपासूनच होत नसल्याचं उघड झालं. डेटाबेसच्या दोन आवृत्त्यांचा मेळ बसत नव्हता, आणि ते सांगणारे ईमेल पलीकडे नाकारले जात होते. तिथे टेप ड्राइव्ह नव्हताच, तरी बॅकअप फसला. आणि तक्रार वाचायला कोणी नसल्यामुळे कळला उशिरा.

तुमच्या कार्यालयात टेपवर बॅकअप होत असेल तर या आठवड्यात दोन कामं करा. गेल्या महिन्यातली एक कार्ट्रिज काढा आणि तिच्यातलं एक फोल्डर, ज्या ड्राइव्हने लिहिलं तो सोडून दुसऱ्या ड्राइव्हवर, रिस्टोर करून उघडून पाहा. आणि टेपअलर्टचे इशारे रोज कोण वाचतं ते विचारा. उत्तरात कोणाचं नाव आलं नाही, तर ते काम आजच एकाला नेमून द्या.