लिबेट यांचा प्रयोग काय सांगतो?

‘निर्णय मेंदू आधीच घेतो, आपल्याला तो नंतर कळतो, इच्छास्वातंत्र्य (पर्यायांतून स्वतः निवड करण्याची क्षमता) हा भ्रम आहे,’ असे सर्रास सांगितले जाते. आधार बहुधा अमेरिकी संशोधक बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा असतो.

त्यात माणसांनी मनात येईल तेव्हा मनगट हलवायचे होते. हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी सज्जता-विभव (मेंदूत हळूहळू चढत जाणारा विद्युत संकेत) दिसू लागे. इच्छा मात्र ०.२ सेकंद आधी जाणवे. नोंदी खऱ्या आहेत. चूक होते ती अर्थ लावताना.

मेंदूतली विद्युत हालचाल कधी थांबतच नाही. समुद्राचे पाणीही असेच सतत वरखाली होत असते. खडकाचा माथा भिजला त्या क्षणापासून मागे पाहिले, तर दर वेळी पाणी चढतानाच दिसेल. पण तो भिजणार हे आधीच ठरले होते, असे म्हणता येणार नाही. सज्जता-विभवही असाच, हालचालीपासून मागे मोजून, अनेक नोंदींची सरासरी काढल्यावर दिसतो. आरन शर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हेच स्पष्टीकरण गणिताने मांडले. त्यावर वाद आहे, तरी ते डावलता येत नाही.

शिवाय, विनाकारण मनगट हलवणे आणि विचारान्ती नोकरी सोडणे यांत मोठे अंतर आहे. इच्छास्वातंत्र्य आहे की नाही, हा प्रश्न या प्रयोगाने सुटलेला नाही. खुद्द लिबेट यांनीही ते नाकारले नव्हते. उमटलेली इच्छा शेवटच्या क्षणी रोखता येते, असे त्यांचे मत होते.